विद्यार्थी, ड्रग धोरण आणि बोर्डावरची जागा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत शिकायला गेलेली मराठी मुलं, तिथेच वाढलेली मराठी घरांतली मुलं आणि या दोघांचे आईवडील आम्हाला हे प्रश्न पाठवत असतात. सगळ्यांचा रोख एकाच गोष्टीवर असतो: ड्रग धोरण बदलू पाहणाऱ्या संस्थेच्या संचालक मंडळावर, म्हणजे बोर्डावर, विद्यार्थ्याने निवडून कसं यायचं आणि आल्यावर काय करायचं. उदाहरण म्हणून 'स्टुडंट्स फॉर सेन्सिबल ड्रग पॉलिसी' ही संघटना धरली आहे. पुढे तिला एसएसडीपी म्हटलं आहे. व्हिसावर असाल तर प्रश्न १० आणि ११ आधी वाचा, बाकीचं नंतर.

१. ड्रग धोरण सुधारणा म्हणजे ड्रग्ज घ्यायला मोकळीक मागणं का?

नाही. व्यसन जडलेल्या किंवा खिशात थोडा गांजा सापडलेल्या माणसाकडे सरकारने आधी कोणाला पाठवायचं, पोलिसाला की डॉक्टरला, हा मूळ प्रश्न आहे. त्यातून अनेक मागण्या निघतात. कोणी गांजा कायदेशीर करा म्हणतं, कोणी फक्त तुरुंगवास काढा म्हणतं, तर कोणी स्वच्छ सुया आणि ओव्हरडोसवरचं औषध मिळण्यापुरतंच बोलतं. चळवळीत या सगळ्यावर एकमत नाही, आणि बोर्डावर बसणाऱ्याला हे मतभेद ठाऊक असायला हवेत.

मराठी वाचकाला 'व्यसनमुक्ती' हा शब्द जवळचा आहे. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हे काम करत आहे. व्यसनमुक्ती केंद्र माणसाला सावरतं, धोरण सुधारणा त्या माणसाभोवतीचा कायदा तपासते. ही दोन कामं एकमेकांच्या आड येत नाहीत. भारतात सरकारी एड्स नियंत्रण कार्यक्रमातच सुया बदलून देणं आणि अफू-हेरॉइनच्या व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिन या औषधाचे उपचार आहेत, म्हणजे ही कल्पना आपल्याकडे काही परकी नाही.

२. विद्यार्थ्यांची वेगळी संघटना कशाला लागली?

१९९८ च्या एका दुरुस्तीमुळे. त्या वर्षी अमेरिकी काँग्रेसने उच्च शिक्षण कायद्यात इंडियानाचे प्रतिनिधी मार्क साउडर यांनी पुढे रेटलेलं कलम घातलं: ड्रगच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याची सरकारी शैक्षणिक मदत बंद. जवळ बाळगल्याचा पहिला गुन्हा असेल तर १ वर्ष, दुसऱ्याला २ वर्षं, तिसऱ्याला बेमुदत. विक्रीच्या पहिल्याच गुन्ह्याला २ वर्षं आणि दुसऱ्याला बेमुदत. खून किंवा दरोड्यासाठी अशी आपोआप बंदी नव्हती. न्यायाधीशाने शिक्षा दिलेलीच असे. त्यावर कॉलेजची फी भरण्याची सोय काढून घेतली जाई, आणि तीही ज्याच्या घरी पैसे नाहीत त्याचीच. श्रीमंत घरातल्या मुलाला याची झळ लागायची नाही, कारण त्याने मदतीचा अर्ज केलेलाच नसे.

त्याच वर्षी एसएसडीपी उभी राहिली. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे विद्यार्थी तिच्या सुरुवातीला होते. २००६ मध्ये कलम सैल झालं: मदत चालू असताना घडलेला गुन्हाच धरायचा असं ठरलं. त्याच वर्षी संघटना नागरी हक्कांच्या वकिलांसह कोर्टात गेली, पण तिथे हार झाली आणि २००८ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. अखेर डिसेंबर २०२० च्या कायद्याने हे कलम काढून टाकलं, आणि २०२३-२४ पासून मदतीच्या फाफ्सा अर्जात तो प्रश्नच उरला नाही.

एका कलमासाठी २२ वर्षं गेली. या काळात विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या पदवी घेऊन निघून गेल्या आणि काम तरीही चालू राहिलं. ते टिकून राहिलं, कारण संस्थेला बोर्ड होतं, हिशेब होते, कॉलेजांत शाखा होत्या. विद्यार्थ्याने बोर्डावर जावं असं आम्ही ठामपणे म्हणतो ते यासाठी.

३. बोर्ड नेमकं काय करतं? मोर्चे, सभा, भाषणं?

ते कर्मचारी आणि शाखा करतात. बोर्ड वर्षाचं अंदाजपत्रक मंजूर करतं, कार्यकारी संचालकाची नेमणूक करतं, त्याच्या कामाचं मूल्यमापन करतं आणि वेळ आली तर त्याला काढतं. ऑडिट तपासणं, संस्थेची धोरणं ठरवणं आणि संस्था कायद्याच्या चौकटीत आहे ना हे पाहणंही बोर्डाकडेच असतं. संचालकावर तीन कर्तव्यं असतात: काळजीपूर्वक निर्णय घेणं, स्वतःच्या आधी संस्थेचं हित पाहणं आणि संस्थेच्या उद्दिष्टांबाहेर न जाणं.

हाउसिंग सोसायटीची कमिटी जवळून पाहिली असेल तर अर्धं समजलंच. पंप बिघडला तर कमिटी सदस्य स्वतः पाना घेऊन खाली उतरत नाही, पण दुरुस्तीचा खर्च कोणी, कशाच्या आधारे मंजूर केला याचं उत्तर त्यालाच द्यावं लागतं. चांगले कार्यकर्ते बोर्डावर गेल्यावर सर्वांत जास्त इथेच घसरतात. ते कर्मचाऱ्यांना थेट कामं सांगू लागतात. सूचना कार्यकारी संचालकामार्फतच गेली पाहिजे.

४. विद्यार्थ्याला खरंच मताचा अधिकार मिळतो, की फोटोपुरतं बसवतात?

संस्थेवर अवलंबून आहे. एसएसडीपीत विद्यार्थी संचालक शाखांच्या मतांवर निवडून येतात आणि ते पूर्ण मताधिकाराचे सदस्य असतात. इतर अनेक संस्थांत 'युवा प्रतिनिधी' किंवा 'सल्लागार' अशी पदं असतात. त्यांना बैठकीला बसता येतं, पण मत देता येत नाही.

उमेदवारी भरण्याआधी संस्थेच्या उपविधींत, म्हणजे बायलॉजमध्ये, चार गोष्टी शोधा. या जागेला मत आहे का? या जागेचा माणूस कोरममध्ये धरतात का? कर्मचारी किंवा पगाराविषयीच्या बंद बैठकीत त्याला बसू देतात का? आणि त्याला कोण काढू शकतं, निवडून देणाऱ्या शाखा की उरलेलं बोर्ड? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'बोर्ड, साध्या बहुमताने' असेल तर ती जागा कागदावर दिसते त्यापेक्षा कच्ची आहे.

५. बोर्डासाठी उभं राहण्याआधी हातात कोणतं काम असावं?

एक पूर्ण झालेलं काम दहा पोस्टरांपेक्षा जास्त मोजलं जातं. कॅम्पसवर करता येण्यासारखी आणि निकाल दाखवता येणारी तीन कामं आहेत.

पहिलं, मदत मागणाऱ्याला संरक्षण. मित्र बेशुद्ध पडला असताना रुग्णवाहिका बोलावणाऱ्या विद्यार्थ्यावर कॉलेजने शिस्तभंगाची कारवाई करू नये, असा नियम मंजूर करून घेणं. राज्याच्या पातळीवर असा ओव्हरडोस कायदा न्यू मेक्सिकोने सर्वांत आधी, २००७ मध्ये केला. नंतर बहुतेक राज्यांनी तो केला. पण राज्याचा कायदा खटल्यापासून वाचवतो, वसतिगृहातून काढून टाकण्यापासून वाचवत नाही. म्हणून कॉलेजचा नियम वेगळा लागतो. मसुद्यात फोन करणारा, ज्याच्यासाठी फोन केला तो आणि आयोजक संघटना या तिघांचाही उल्लेख हवा. बहुतेक मसुद्यांत तिसरा सुटतो, आणि मग पार्टी ठेवणारे फोन करायला कचरतात.

दुसरं, नॅलोक्सोन, म्हणजे हेरॉइनसारख्या ड्रग्जच्या ओव्हरडोसवरचं औषध. ४ मिलिग्रॅमचा नाकातला फवारा डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला अमेरिकेत मार्च २०२३ मध्ये मान्यता मिळाली. एका पाकिटात दोन मात्रा असतात. आधी आपत्कालीन सेवेला फोन, मग एका नाकपुडीत एक मात्रा, आणि २ ते ३ मिनिटांत प्रतिसाद नसेल तर दुसऱ्या नाकपुडीत दुसरी. वसतिगृहाच्या प्रत्येक इमारतीत ते ठेवायला लावणं हे एका सत्रात होण्यासारखं काम आहे. अडतं ते मुदत संपलेली पाकिटं बदलायची कोणी यावर, म्हणून ठरावात त्या खात्याचं नाव लिहून घ्या.

तिसरं काम फारसं कोणाला सुचत नाही. सरकारी निधी घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला आपल्या ड्रग आणि दारूविषयक कार्यक्रमाचा दर दोन वर्षांनी लेखी आढावा घ्यावा लागतो. १९८९ च्या कायद्याने ते बंधनकारक आहे आणि मागितल्यास तो जनतेला द्यावाही लागतो. तो मागवा. कोणत्या गुन्ह्याला कॉलेज किती कडक वागलं आणि सगळ्यांना सारखं वागलं का, हे त्यातून कळतं. आढावा घेतलेलाच नसेल तर तोच तुमचा पहिला मुद्दा.

६. निवडणुकीची तयारी कशी करायची?

ज्या अधिवेशनात निवडणूक होते त्याच्या तीन महिने आधी सुरू करा. पहिल्या दोन आठवड्यांत नुसतं वाचन: उपविधी, शेवटच्या वर्षभराची इतिवृत्तं मिळाली तर ती, आणि मागच्या तीन वर्षांचे फॉर्म ९९० (प्रश्न ८ पाहा). उपविधींतून पात्रता, अर्जाची शेवटची तारीख, मत कोणाला आहे आणि मत देण्यासाठी शाखा 'चालू' मानली जायला काय लागतं हे एका कागदावर उतरवून ठेवा.

मग मतदार. शाखांच्या प्रतिनिधींची यादी करा आणि प्रत्येकाला वेगळा निरोप पाठवा, एकच मजकूर चिकटवून नव्हे. वीस मिनिटांच्या फोनमध्ये पंधरा मिनिटं ऐका. लहान कम्युनिटी कॉलेजच्या शाखांना सहसा कोणीच फोन करत नाही, आणि त्यांचे प्रश्नही वेगळे असतात: अधिवेशनाला यायचं भाडं, सही करायला तयार असलेला प्राध्यापक, शाखा मान्य न करणारं प्रशासन. या फोनमधून मिळालेलं तुमच्या निवेदनात आलं पाहिजे.

शेवटी एका मावळत्या संचालकाशी बोला. 'तुमचा सर्वांत जास्त वेळ कशात गेला?' एवढंच विचारा. उत्तर बहुतेक वेळा 'पैशांत' असतं.

सर्वांत जास्त उमेदवाऱ्या बाद होतात त्या किरकोळ कारणांनी: अनुमोदनाची सही राहिली, शाखेचं नूतनीकरण झालं नव्हतं, किंवा वेळ पॅसिफिक धरली आणि मुदत ईस्टर्नची होती.

७. उमेदवारीचं निवेदन कसं लिहावं?

३०० शब्द पुरेत. पहिल्या दोन वाक्यांत केलेलं एक काम आणि त्याचा निकाल. पुढे बोर्डावर जाऊन करायच्या दोन गोष्टी, त्याही बोर्डाच्या हातातल्या. 'मी देशभर गांजा कायदेशीर करेन' हे बोर्डाच्या हातात नाही. 'लहान शाखांच्या प्रवासखर्चासाठी अंदाजपत्रकात वेगळी ओळ मागेन' हे आहे. शेवटी महिन्याला किती तास देऊ शकता ते लिहा. बैठक, वाचन आणि एका समितीचं काम धरून ५ ते १० तास धरा, आणि परीक्षेच्या महिन्यात काय करणार तेही सांगा.

दोन चुका वारंवार दिसतात. एक, आतापर्यंतच्या बोर्डावर टीकेची झोड. ज्यांच्याबरोबर बसून मतं जमवायची आहेत त्यांनाच आधी दुखावलं जातं. दुसरी जास्त गंभीर आहे: स्वतःच्या सेवनाची गोष्ट. तिच्यासाठी प्रश्न ११ आहे.

८. फॉर्म ९९० म्हणजे काय, आणि त्यात काय पाहायचं?

अमेरिकेतल्या ना-नफा संस्थेचं आयकर खात्याकडे जाणारं वार्षिक विवरण. शेवटच्या तीन वर्षांचं मागेल त्याला दाखवणं संस्थेला बंधनकारक आहे, आणि प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेच्या नॉनप्रॉफिट एक्सप्लोरर या संकेतस्थळावर ते फुकट मिळतं. वर्षाची जमा सर्वसाधारणपणे ५० हजार डॉलर किंवा त्याहून कमी असेल तर फक्त छोटं ई-पोस्टकार्ड भरलं जातं, त्यात हिशेब दिसत नाही. सलग तीन वर्षं काहीच भरलं नाही तर करसवलत आपोआप रद्द होते. मरगळलेल्या संस्थांचं हे नेहमीचं दुखणं आहे.

पूर्ण फॉर्ममध्ये भाग ७ मध्ये संचालकांची नावं, आठवड्याचे तास आणि मानधन असतं. भाग ९ मध्ये खर्च कार्यक्रम, प्रशासन आणि निधी उभारणीत वाटलेला दिसतो. भाग १० म्हणजे ताळेबंद, आणि तिथली एक गोष्ट नीट पाहा: शिल्लक रकमेपैकी देणगीदाराने विशिष्ट कामासाठी बांधून दिलेली किती आणि मोकळी किती.

समजा वर्षाचा खर्च ६ लाख डॉलर आहे, म्हणजे महिन्याला ५० हजार. शिल्लक ४ लाख दिसते, पण त्यातले ३ लाख बांधलेले आहेत. म्हणजे हातात १ लाख, दोन महिन्यांचा खर्च. वरवर आठ महिन्यांची बेगमी वाटते, प्रत्यक्षात पगार दोनच महिने निघतील. प्रश्नोत्तरांत हे शांतपणे मांडणारा विद्यार्थी उमेदवार लोकांच्या लक्षात राहतो.

९. बोर्डावर असलेल्याने देणगी द्यावीच लागते म्हणे. आमच्याकडे कुठून येणार?

बऱ्याच अमेरिकी संस्थांत 'द्या किंवा आणा' असा रिवाज आहे: ठरावीक रक्कम स्वतः द्या नाहीतर उभी करा. आकडा आधी विचारा आणि विद्यार्थी जागेला सूट आहे का तेही विचारा. सूट नसेल तर 'रक्कम कितीही चालेल, पण प्रत्येक संचालक काहीतरी देईल' असा बदल सुचवा. फाउंडेशनं अनुदान देताना शंभर टक्के संचालकांनी देणगी दिली का हे विचारतात, तिथे ५ डॉलरसुद्धा मोजले जातात. बैठकीच्या प्रवासाचा खर्च मात्र संस्थेने द्यायला हवा, आणि तुम्ही आधी भरून नंतर मागायचे की संस्था थेट तिकीट काढणार हे लेखी ठरवून घ्या. क्रेडिट कार्डाची मर्यादा ५०० डॉलर असलेल्या विद्यार्थ्याला हा फरक मोठा असतो.

१०. मी एफ-१ व्हिसावर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, आहे. संचालक होता येतं का?

ना-नफा संस्थेचं बिनमानधनाचं संचालकपद ही नोकरी नाही आणि त्यासाठी नागरिकत्वाची अट सर्वसाधारणपणे नसते. मात्र मानधन, बैठक भत्ता, 'स्टायपेंड' यातलं काहीही घेतलं तर परवान्याशिवाय काम केल्याचा प्रश्न उभा राहतो. प्रत्यक्ष झालेल्या खर्चाची पावतीवर भरपाई चालते. आणखी एक: ज्या कामासाठी संस्था इतरांना पगार देते तेच काम 'स्वयंसेवक' म्हणून तुम्ही फुकट करू नका. पद स्वीकारण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला कळवून लेखी उत्तर घ्या.

जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना समाजमाध्यमांवरची खाती सार्वजनिक ठेवायला सांगतात. मुंबईच्या वकिलातीत व्हिसा नूतनीकरणाला जाणार असाल तर तुमचं नाव, संस्था आणि तुमच्या पोस्ट पाहिल्या जातील असं धरूनच चला.

११. 'मी स्वतः गांजा ओढला आहे' असं व्यासपीठावरून सांगितलं तर काय होतं?

अमेरिकी नागरिक असाल तर तुमची मर्जी. नसाल तर सांगू नका. या पानावरची ही एकच सूचना आम्ही आज्ञेच्या सुरात देतो.

इमिग्रेशन कायद्यात दोष सिद्ध व्हायची गरज नसते. नियंत्रित पदार्थांच्या कायद्याचा भंग केल्याची कबुलीसुद्धा देशात प्रवेश नाकारायला पुरेशी ठरू शकते. वीसहून जास्त राज्यांत प्रौढांना गांजा कायदेशीर आहे, पण इमिग्रेशन चालतं फेडरल, म्हणजे केंद्रीय, कायद्यावर आणि तिथे गांजा आजही नियंत्रित पदार्थ आहे. म्हणजे कॅलिफोर्नियात दुकानातून पावती घेऊन केलेली खरेदीही सुट्टीत घरी जाऊन परतताना विमानतळावर अंगाशी येऊ शकते. सीमेवर अधिकारी फोन तपासू शकतात. व्हिसाच्या वैद्यकीय तपासणीतही सेवनाची विचारणा होते.

यावर खोटं बोलणं हा उपाय नाही. खोटी माहिती देणं हे प्रवेशबंदीचं स्वतंत्र कारण आहे, आणि ते आयुष्यभर पुरतं. प्रश्न आलाच तर उत्तर देण्याआधी इमिग्रेशन वकिलाशी बोलायचं आहे असं सांगता येतं. चळवळीत 'आपबीती सांगा' असा आग्रह होतो, प्रेमाने होतो. तुम्ही 'मी धोरणावर बोलेन, स्वतःवर नाही' एवढं म्हणा. शाखाप्रमुखांनीही सभेत 'कोणी कोणी घेतलंय, हात वर करा' हा खेळ बंद करावा. खोलीत कोण कोणत्या व्हिसावर आहे हे त्यांना ठाऊक नसतं.

१२. माझ्यावर पूर्वी केस होती, पण ती मिटली. उमेदवारीला अडचण?

संस्थेच्या बाजूने बहुधा नाही. या क्षेत्रातल्या संस्था अशा अनुभवाला किंमत देतात. आर्थिक अफरातफरीची केस असेल तर मात्र संचालकांसाठीच्या विम्याच्या अर्जात (प्रश्न १५) अडचण येऊ शकते, म्हणून आधी सांगा.

नागरिक नसाल तर 'मिटली' या शब्दावर विसंबू नका. गुन्हा कबूल करून घेऊन समुपदेशन पूर्ण झाल्यावर केस रद्द करायची पद्धत अनेक राज्यांत आहे. राज्याच्या दफ्तरी ती केस संपते. इमिग्रेशनच्या दफ्तरी कबुली आणि कोर्टाने घातलेलं कोणतंही बंधन मिळून ती दोषसिद्धीच धरली जाते. स्वतःच्या वापरासाठी ३० ग्रॅमपर्यंत गांजा जवळ असल्याच्या एकाच प्रकरणाला हद्दपारीतून सूट आहे, पण देशाबाहेर जाऊन परत येताना ती सूट तशीच लागू होत नाही. फौजदारी वकिलाने या परिणामांची कल्पना द्यायलाच हवी, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा पॅडिया विरुद्ध केंटकी निकाल आहे. चालू केस असेल तर काहीही कबूल करण्याआधी वकिलाला या निकालाची आठवण करून द्या.

१३. बोर्डावर असताना कायदा बदलण्यासाठी उघड लॉबिंग करता येतं का?

येतं, मर्यादेत. ५०१(सी)(३) संस्थेने, म्हणजे त्या कलमाखाली करसवलत मिळालेल्या ना-नफा संस्थेने, निवडणुकीतल्या कोणत्याही उमेदवाराला पाठिंबा किंवा विरोध करायचा नाही, इथे पळवाट नाही. कायद्यासाठी लॉबिंग चालतं. संस्थेने फॉर्म ५७६८ भरून खर्चाची कसोटी निवडली असेल तर पहिल्या ५ लाख डॉलर खर्चावर २० टक्क्यांपर्यंत लॉबिंगला वापरता येतात, आणि त्यातले जास्तीत जास्त एक चतुर्थांश जनतेला 'आमदाराला फोन करा' असं सांगणाऱ्या मोहिमेवर. फॉर्म भरलाच नसेल तर 'फार जास्त नको' अशी धूसर कसोटी लागते. नव्या संचालकाने पहिल्याच बैठकीत विचारायचा हा उत्तम प्रश्न आहे.

एक अपवाद लक्षात ठेवा. काही संस्थांची ५०१(सी)(४) प्रकारची भगिनी संस्था असते आणि ती निवडणुकीत पैसे घालू शकते. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व नसलेल्याला अमेरिकी निवडणुकीत देणगी देता येत नाही, तशाच अशा खर्चाच्या निर्णयातही भाग घेता येत नाही. तो विषय आला की बाहेर जा आणि बाहेर गेल्याची वेळ इतिवृत्तात नोंदवून घ्या.

१४. मला गांजा कंपनीत इंटर्नशिप मिळते आहे. बोर्डावर असताना चालेल?

दोन वेगळे प्रश्न आहेत. संस्थेपुरतं पाहिलं तर हा हितसंबंध आहे. तो वार्षिक पत्रकात लेखी जाहीर करा, आणि त्या कंपनीची देणगी किंवा परवाना नियमांबद्दलची भूमिका चर्चेला आली की मतदानापासून दूर राहा. बाजारात परवाने किती असावेत यावर मोठ्या कंपन्यांचं आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसांचं हित एक नसतं. चळवळीतले अलीकडचे सर्वांत कडवट वाद याच रेषेवर झाले आहेत, आणि विद्यार्थ्याने आपण कोणत्या बाजूला बसलो आहोत हे लपवू नये.

दुसरा प्रश्न व्हिसाचा. अमेरिकी इमिग्रेशन खात्याच्या एप्रिल २०१९ च्या नागरिकत्वविषयक सूचनेत गांजा उद्योगातली नोकरीसुद्धा नागरिकत्वासाठी लागणाऱ्या 'चांगल्या वर्तनाच्या' अटीच्या आड येऊ शकते असं स्पष्ट म्हटलं आहे, मग राज्यात ती कायदेशीर का असेना. ग्रीन कार्डधारकालाही हे लागू आहे. नागरिक नसाल तर ती इंटर्नशिप घेऊ नका.

१५. संस्थेवर दावा झाला तर माझ्या खिशातून पैसे जातील का?

बिनमानधनाच्या संचालकाला १९९७ च्या फेडरल स्वयंसेवक संरक्षण कायद्याचा आधार आहे. साध्या चुकीसाठी तो जबाबदार धरला जात नाही. जाणूनबुजून केलेलं गैरकृत्य किंवा घोर हलगर्जी यांना संरक्षण नाही. शिवाय हा कायदा वकिलाची फी देत नाही, म्हणून संस्थेने संचालकांसाठीचा विमा घेतला आहे का ते विचारा आणि पॉलिसीचं पान प्रत्यक्ष पाहा.

खरी ठेच लागते ती पगारातून कापलेल्या कराला. पैसे कमी पडले की संस्था तो कर भरायचा पुढे ढकलते, आणि सरकार तो जबाबदार व्यक्तीकडून वसूल करू शकतं. रोजच्या कारभारात नसलेल्या आणि थकबाकी माहीत नसलेल्या मानद संचालकाला सूट आहे. खजिनदार झालात, चेकवर सही करू लागलात, की ती सूट डळमळते. म्हणून दर तिमाहीला कर भरल्याची पावती मागा.

१६. मुलगी असल्या संस्थेच्या बोर्डावर जाते म्हणते. तिचं नाव कायमचं चिकटणार नाही का?

आईवडिलांचा हा प्रश्न आम्ही हलका मानत नाही. हो, नाव सार्वजनिक होतं (प्रश्न ८) आणि शोधलं की सापडतं. संरक्षण खात्यातली किंवा सिक्युरिटी क्लिअरन्स (गोपनीय माहिती हाताळण्याचा परवाना) लागणारी नोकरी करायची असेल, किंवा ती नागरिक नसेल, तर आधी विचार करायला हवा. बाकी ठिकाणी अंदाजपत्रक, ऑडिट, कायदा यांचा अनुभव असलेली एकवीस वर्षांची मुलगी मागे पडत नाही. तिला 'हे कशाला?' असं विचारू नका. 'काय काय करावं लागतं?' असं विचारा, आणि तिच्याकडून प्रश्न २ मधलं १९९८ चं कलम समजून घ्या.

१७. भारतात परतल्यावर हेच काम करता येईल का?

येईल, पण भाषा आणि कायदा दोन्ही बदलतात. इथे १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायदा आहे आणि शिक्षा जवळ सापडलेल्या मात्रेवर ठरते. गांजाची अल्प मात्रा १ किलोपर्यंत आणि व्यापारी मात्रा २० किलोच्या वर. चरसची १०० ग्रॅम आणि १ किलो, हेरॉइनची ५ आणि २५० ग्रॅम. नुसत्या सेवनालाही कलम २७ खाली पदार्थानुसार ६ महिने किंवा १ वर्षापर्यंत कैद आहे. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला कलम ६४ए खटल्यापासून संरक्षण देतं, पण ते मागायला हवं हे आरोपीच्या घरच्यांना बहुधा माहीतच नसतं. कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी हे हातात घेण्यासारखं काम आहे. भांगेची नुसती पानं कायद्याच्या व्याख्येत येत नाहीत, तिथे राज्यांचे नियम लागतात.

महाराष्ट्रात ट्रस्टवर विश्वस्त म्हणून आलात तर बदलाची नोंद, म्हणजे चेंज रिपोर्ट, ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्यावी लागते. ती राहिली तर ठरावाची वैधताच वादात सापडते.

१८. पदवी मध्येच संपली किंवा मुदत संपली तर काय सुपूर्द करायचं?

पदवीनंतर जागा टिकते की सुटते हे उपविधींत असतं. काही ठिकाणी निवडीच्या दिवशी विद्यार्थी असणं पुरेसं असतं. राजीनामा लेखी आणि तारखेसह द्या, तोंडी नको, नाहीतर फॉर्म ९९० वर नाव राहतं. पुढच्याला अपूर्ण ठराव, समितीची कागदपत्रं, पासवर्ड आणि तुम्ही देणगीदारांना दिलेले शब्द असं सगळं एका टिपणात द्या. सहीचा अधिकार असेल तर तो काढल्याचं बँकेचं पत्र हातात आल्यावरच काम संपलं असं धरा.